राउटरचा मेंदू बदलला ते तीन दिवस

आमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही. अगदीच नाही असं म्हणून कुणाचा अपमान करायचा नाही. शाळेमागच्या चढावर, वारुळाच्या शेजारी, उजव्या पायावर भार देऊन उभं राहिलं तर एक काडी येते आणि "हॅलो" म्हणेपर्यंत टिकते. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मी घरी तारेचं इंटरनेट घेतलं, तेव्हा ते माझं एकट्याचं राहील असा माझा समज होता. समज करून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

मी बेळगावच्या एका ऑफिससाठी घरबसल्या कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढतो. एवढ्या भांडवलावर वाडीनं मला शास्त्रज्ञ ठरवलं. कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या, मला बोलावणं. कुणाची मोटर पाणी ओढेना, मला बोलावणं. मी जातो, गंभीर चेहरा करतो, प्लग काढतो आणि परत लावतो. बहुतेक वेळा चालू होतं. लोक म्हणतात, "त्येला सगळं कळतंय." दोन वर्षं हे ऐकल्यावर माणसाला खरंच तसं वाटायला लागतं, आणि तिथंच माझा घात झाला.

संध्याकाळी गुरं आली, दिवाबत्ती झाली की वाडीतली माणसं आपापले फोन घेऊन आमच्या पडवीत यायची. वायफायवरून कुणी हुबळीला बोलायचं, कुणी गोव्याला. शेजारची काकी सगळ्यांच्या आधी यायची. तिची लेक गोव्यात फोंड्याला दिलेली, पहिलटकरीण, नववा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण आमच्या वाडीतून दवाखाना गाठायचा म्हणजे निम्मं बाळंतपण जीपमध्येच व्हायचं. म्हणून लेकीला तिकडंच ठेवलं होतं आणि तारखेच्या आठ दिवस आधी काकी जाणार होती. तोवर रोज संध्याकाळी आमच्या पडवीतून तिची चौकशी चालायची: काय खाल्लंस, पाय सुजलेत काय, जिना उतरू नको.

पुढच्या खोलीत असा बाजार, म्हणून मी मागच्या खोलीत काम करायचो. मधे हातभर जाडीची मातीची भिंत. तिकडं वायफाय पोचेपर्यंत त्याला दम लागायचा. एखादा नकाशा पाठवायला लावला की मी चहा पिऊन, म्हशीला पाणी पाजून परत यायचो. बायकोनं एकदा सुचवलं, "लांब वायर घ्या की. भिंतीला भोक पाडून आत आणा." इतका साधा उपाय शास्त्रज्ञाला शोभत नाही. मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं आणि इंटरनेटवर वाचायला बसलो.

तिथं जगभरच्या अतिहुशार माणसांची एक चावडी मला सापडली. त्यांचं म्हणणं असं की राउटर हासुद्धा एक छोटा कॉम्प्युटरच. कंपनी त्याच्या आत आपलं सॉफ्टवेअर घालते, फर्मवेअर म्हणतात त्याला, आणि त्याचे हातपाय बांधून ठेवते. ते काढून टाकायचं आणि लोकांनी मिळून बनवलेलं मोफत फर्मवेअर घालायचं, की राउटर मोकळा श्वास घेतो, सिग्नल वाढवता येतो, काय वाट्टेल ते करता येतं. एकानं तर लिहिलं होतं, "तुमचा राउटर कैदेत आहे." हे वाचून मला त्या डब्याची दया आली. दोन वर्षं तो आमच्या भिंतीवर कैदेत होता आणि आम्ही खुशाल त्याच्यावरून रेसिपी बघत होतो!

सगळ्यात वर लाल अक्षरांत एक सूचना होती: राउटरच्या खालच्या स्टिकरवर त्याच्या आवृत्तीचा आकडा असतो, तो नीट बघा. चुकीच्या आवृत्तीची फाइल घातली तर राउटरची वीट होईल, म्हणजे तो निर्जीव होऊन पडेल.

मी राउटर उलटा केला. आता, मागच्या खंडेनवमीला आईनं कोयता, विळी, कुदळ यांच्याबरोबर राउटरचीही पूजा केली होती. वरच्या भोकांतून कुंकू आत जाईल म्हणून मीच मोठ्या शहाणपणानं तिला सांगितलं होतं, "खाली लाव." आईनं खाली लावलं. बरोबर स्टिकरवर. आकडा त्या कुंकवाखाली होता. अंगठ्यानं घासलं तर वरचं अर्धंच अंग दिसलं. ते दोनचं असेल किंवा तीनचं. आकडे बनवणाऱ्यांनी या दोघांची डोकी सारखीच का केली, कोण जाणे. ओलं फडकं आणायला उठावं लागलं असतं. मी दोन धरला.

रविवारची दुपार होती. जेवणं झाली होती. "पाच मिनिटं इंटरनेट बंद राहील," असं मी घरात जाहीर केलं आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. मग राउटरचे सगळे दिवे एकदम गेले आणि एकच लाल दिवा लागला. तो लुकलुकेना, बदलेना, काही बोलेना. मी पाच मिनिटं थांबलो, अर्धा तास थांबलो. मग माझ्याकडची सगळी विद्या वापरली: प्लग काढला आणि परत लावला. लाल दिवा.

संध्याकाळी काकी आली. "काय गा, आज दिवा तांबडा का हाय?"

"अपडेट चाललंय, काकी."

"कवा हुईल?"

"दहा मिनटात."

ती पदर सावरून बसली. बाकीचीही आली, बसली, दिव्याकडं बघत राहिली. एकानं विचारलं की तांबडा दिवा म्हणजे बॅटरी भरतीय काय. मी होय म्हणालो. अंधार पडल्यावर एकेक जण उठून गेला. काकी शेवटी गेली.

सोमवारीही माझं अपडेट चालूच होतं. दुपारपर्यंत मलाही त्याची लाज वाटायला लागली, म्हणून मी कारण बदललं. तार वांदरांनी तोडली असणार, असं मी पडवीत सगळ्यांदेखत सांगितलं. आमच्याकडं वांदरं तारांवर खरंच झोके घेतात, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. आई सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वांदर घरातच हाय."

वीट झालेला राउटर परत जिवंत करता येतो, हेही मी त्या चावडीवर ओझरतं वाचलं होतं. कंपनीचं मूळ फर्मवेअर उतरवून घ्यायचं आणि वायरनं त्याच्या पोटात ढकलायचं. अडचण एवढीच की ते मूळ फर्मवेअर इंटरनेटवर होतं. ढकलायचं कसं, तेही इंटरनेटवरच होतं. शिवाय राउटर कोरा झाला की जोडणीचं नाव आणि पासवर्ड परत घालावा लागणार, आणि तो जोडणी द्यायला आलेल्या माणसानं कधीकाळी घातलेला, मला ठाऊक नव्हता. आधी हे सगळं उतरवून ठेवायचं असतं, असंही तिथं लिहिलं होतं. पण ते दुसऱ्या पानावर होतं, आणि शास्त्रज्ञानं पहिलंच पान वाचलं होतं.

मंगळवारी सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून मी तालुक्याच्या गावी, जोयड्याला निघालो; तिथं मोबाईलला रेंज असते. उळवीची जत्रा तोंडावर, बस बेळगावकडच्या भाविकांनी गच्च भरलेली. मी पिशवी छातीशी धरून एका पायावर उभा. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "देवाला काय घेऊन निघालासा?" मी म्हटलं, "लॅपटॉप."

जोयड्याला उतरलो आणि खिशातला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. दोन दिवसांचं सगळं एकदम येत होतं. पहिल्यांदा चावडीवरच्या एकाचं उत्तर, मी आधी विचारलेल्या कुठल्याशा शंकेला: "स्टिकर बघितलास ना?" त्याच्याखाली काकीच्या जावयाचे मेसेज.

रविवारी रात्री: दवाखान्यात नेतोय, काकींना सांगा. मग: फोन का लागत नाही? मग: त्रास होतोय तिला, सारखी आईला बोलाव म्हणतेय. मग: दादा, निदान निरोप तरी पोचला का? सोमवारी पहाटे: मुलगी झाली. आणि एक फोटो, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, लाल, चिडलेलं एक तोंड.

मी स्टँडवरच्या बाकड्यावर बसलो. भाविकांचा घोळका समोरून जात होता. जावयाला फोन लावला. त्यानं तो काकीच्या लेकीच्याच हातात दिला.

"दादा, आई रागावली काय रे? फोन का घेत न्हाई?"

"न्हाई गं. तिला ठाऊकच न्हाई. राउटर मी मोडलाय."

ती म्हणाली, "तू कशाला हात लावतंस?" आवाज खोल गेलेला होता, पण त्यात हसू होतं.

मूळ फर्मवेअर उतरवून घेतलं, या वेळी आवृत्ती तीनचं. कृती वहीत लिहून घेतली, सगळी पानं वाचून. पासवर्डसाठी इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसला फोन केला. एका गोड आवाजानं सांगितलं की इंटरनेट बंद असल्यास तक्रार इंटरनेटवरून नोंदवावी. बऱ्याच वेळानं माणूस मिळाला. म्हणाला, चोवीस तासांत मेसेजवर पाठवतो. मेसेज येणार मोबाईलवर, म्हणजे मला वारुळाशेजारी उजव्या पायावर चोवीस तास उभं राहावं लागणार होतं.

परत आल्यावर मी आधी काकीच्या घरी गेलो. ती अंगण सारवत होती.

"काकी, मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत."

तिचा शेणानं भरलेला हात तसाच थांबला. "कवा?"

"काल फाटेला."

"काल," ती म्हणाली. "आनी मी काल सांजभर तुझ्या त्या दिव्याकडं बघत बसले."

तिनं मनगटानं डोळे पुसले, गालाला शेण लागलं. मी म्हटलं, "काकी, तार वांदरांनी न्हाई तोडली. माझीच चूक झाली."

"म्हायती हाय. तुझ्या आयनं कालच सांगितलं सगळ्यांस्नी." वाडीला सगळं ठाऊक होतं तर. आणि तरीही काल संध्याकाळी प्रत्येकानं मला, तार कुठं तुटली, हे अगदी काळजीनं विचारलं होतं. "जा आता," काकी म्हणाली, "आदी त्ये डबडं चालू कर. पोर बघायचीय मला."

मूळ फर्मवेअर घालायला तीन माणसं लागली. राउटरच्या पाठीला सुईएवढं भोक असतं, त्यातलं बटण दाबून धरायचं, दाबलेलं असतानाच प्लग लावायचा, आणि तेवढ्यात लॅपटॉपवरून फाइल सुटायची. लॅपटॉपवर मी, प्लगपाशी बायको. भोकात पिन धरायला आई, कारण तिचा हात शिवणकामाचा, हलत नाही. "मी सांगेपर्यंत सोडायचं न्हाई," मी म्हटलं. आई कन्नड शाळेत शिकलेली, आकडे तिच्या तोंडी कन्नडच येतात. "ओंदु, एरडु, मूरु..." हत्तु म्हणजे दहा झाले आणि तिनं पिन काढली. माझ्यापेक्षा तिचा आकड्यांवर जास्त विश्वास. लाल दिवा तसाच.

दुसऱ्यांदा ती म्हणाली, "कुठंपर्यंत म्हणू ते आदी सांग." मी म्हटलं, तीस. ती शांतपणे मोजत गेली. काकी हात धुऊन येऊन दारात उभी होती, तीही बरोबर पुटपुटायला लागली. विसाच्या पुढं कुठंतरी दिवा एकदा मिटला, लागला, परत मिटला. फाइल गेली. काही मिनिटांनी कंपनीचं ते जुनं, भडक निळं पान पडद्यावर आलं. ज्या कैदेतून मी राउटरला सोडवायला निघालो होतो, तीच कैद. मला इतकं सुंदर पान कधी दिसलं नव्हतं.

पानानं नाव आणि पासवर्ड विचारला. मी पडेल चेहऱ्यानं चोवीस तासांचं सांगितलं.

बायको उठली, भिंतीवरचं दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर तिनं काढलं आणि उलटं करून माझ्यापुढं धरलं. मागं तिच्या अक्षरात दोन्ही लिहिलेलं. "बसवाय आलेल्यानं सांगितलेलं, मी लिहून ठेवलं. त्यो म्हणाला हुता, राउटर बिघडला तर तार सरळ लॅपटॉपला जोडा, ह्येच टाका, चालतंय."

म्हणजे रविवारी दुपारीच चाललं असतं. बस नको, जोयडा नको, एका पायावर उभं राहणं नको. "मग बोलली का न्हाईस?"

"तुमी विचारलासा काय?"

सगळे दिवे हिरवे झाले. काकीनं फोन लावला, आणि दोन्ही हातांनी धरून ती इतकी जवळ घेऊन बसली की तिकडं लेकीला फक्त तिचं कपाळ दिसत असणार. मग म्हणाली, "नाक आमच्याकडचं हाय." मी मागच्या खोलीत निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती गोव्याला निघाली. तिची पिशवी रस्त्यापर्यंत मी नेली: नाचणीचं पीठ, डिंकाचे लाडू, जुन्या लुगड्याच्या मऊ घड्या. वाटेत ती बारशाला कुणाकुणाला बोलवायचं तेवढंच सांगत होती. बस आली. चढल्या चढल्या तिनं कंडक्टरला फोनमधला फोटो दाखवला, आणि तो तिकीट फाडायचं थांबवून बघायला लागला.