दातांसाठी आले, तात्यांसाठी म्हणाले

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. म्हणजे – अर्धी माझ्या नवऱ्याला माहीत आहे आणि उरलेली अर्धी केजच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना. त्या दोघांची गाठ कधी पडणार नाही, या भरवशावर मी चार वर्षं निवांत आहे. निवांत – बरं, बऱ्यापैकी निवांत. आज दोन्ही अर्ध्या जोडून तुम्हाला सांगते. मधे हसू आलं तर हसा, मीही पुष्कळदा हसलेय. शेवटी मात्र – असू द्या, ते शेवटी येईलच.

मी वैशाली. माहेर केज, जिल्हा बीड. गेली सोळा वर्षं अमेरिकेत, ओहायोमध्ये राहते. तिथं एका विमा कंपनीच्या कचेरीत लोकांच्या दवाखान्याच्या बिलांचे दावे तपासते. कुणाच्या गुडघ्याचे पैसे द्यायचे, कुणाच्या मणक्याचे अडवायचे – हे माझं काम. आईवडील मी शाळेत असतानाच गेले. मला वाढवलं चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, आणि नर्मदाकाकूनं. तात्यांचं केजच्या बाजारात खतं-बियाणांचं दुकान आहे. त्यांचा एकुलता मुलगा संजय माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पुण्यात एका कारखान्यात सुपरवायझर. एवढीच माणसं.

आता परदेशात राहणाऱ्यांचा एक आजार सांगते. आम्हाला मतं होतात. तिकडच्या राजकारणावर मोठ्यानं बोलायचा धीर होत नाही – व्हिसाचे नियम कधी बदलतील याचा भरवसा नसतो – मग सगळा जोर इकडच्या बातम्यांवर. रविवारी आम्ही चार मराठी घरं जमायचो. डॉलर कुठं गुंतवायचा, विमा कुठला बरा आणि महाराष्ट्रात सरकार कुणाचं यावं, हे तीन विषय. तिसऱ्या विषयात आमच्यापैकी एकानंही दहा वर्षांत मतदान केलं नव्हतं, म्हणूनच की काय, आवाज सगळ्यात मोठा तिथंच लागायचा.

घरी परतले की ते सगळं मी माहेरच्या ग्रुपवर ओतायचे. सोनं घेऊ नका, म्युच्युअल फंडात टाका. आरोग्य विमा काढा, इतकी वर्षं काय झोपला होतात? तात्या दुकानात बसून, चष्मा कपाळावर चढवून, एका बोटानं उत्तर लिहायचे. "विमा हाय की आमचा. संज्या हाय, शेजारी हायेत." मला त्याचा कोण संताप यायचा.

मग निवडणूक आली. तात्या ज्या उमेदवाराच्या मागं होते तो मला अजिबात पसंत नव्हता. मी लांबलचक संदेश लिहिला. त्यावर तात्यांनी लिहिलं, "तुझं मत तू तिकडं दे बाई. हितं मत द्यायचं तर हितलं टँकरचं पानी प्यावं लागतं."

मला राग का आला माहितेय? कारण त्यांचं बरोबर होतं. आणि मी सगळ्या भावकीसमोर लिहिलं – तुमच्यासारख्या अडाणी माणसांमुळंच आपला जिल्हा असा राहिला.

ज्यांनी माझ्या कॉलेजची फी भरली, मला पुण्याच्या गाडीत बसवून देताना खिडकीतून लाडवाचा डबा आत दिला, त्या माणसाला. दहा मिनिटांनी स्क्रीनवर ओळ आली – तात्यांनी ग्रुप सोडला. त्यानंतर वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही, हा सगळ्यांना ठाऊक आहे. भावकीतल्या निम्म्या लोकांच्या फोनमध्ये त्याचा फोटो काढलेला आहे. मी सांगतेय ते पुढचं.

पुढच्या वर्षी तात्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, लातूरला. संजयनं बिनपगारी रजा काढली आणि आठ दिवस दवाखान्यात त्यांच्याजवळ बसून राहिला. मला त्यानं लिहिलं, "ताई, एक फोन कर. त्यांना बरं वाटेल." मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि कचेरीत फार काम आहे म्हणून कळवलं. काम नव्हतं. फोन लावला असता तर आधी माफी मागावी लागली असती, म्हणून लावला नाही.

आणि महिन्याभरात माझे दात दुखायला लागले.

एक नाही, तीन. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि खर्चाचा कागद हातात दिला. तो वाचून मला दुखायचं थांबलं, इतका धक्का बसला. तिकडं दात हा शरीराचा भाग धरत नाहीत. दातांचा विमा वेगळा, आणि त्याची वर्षाची मर्यादा एवढी की माझ्या तीन दातांपैकी एखादा जेमतेम निघावा. जन्मभर लोकांना विम्याचं शहाणपण शिकवणारी मी गालाला बर्फ लावून आपलीच पॉलिसी वाचत बसले. आम्हाला आमचंच कलम लागू झालं होतं. नवरा हिशोब करून म्हणाला, "त्या पैशांत जाऊन-येऊन विमानाचं तिकीट निघतंय, दात करूनसुद्धा वर उरतंय. तुझ्या केजलाच कर." म्हणून मी निघाले. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. तात्या मनात नव्हते असं नाही – पण तिकीट काढलं ते दातांनी.

हैदराबादला उतरून रेल्वेनं परळी, तिथून जीपनं केज. दारात पोचले तेव्हा तात्या ओसरीत खुर्चीवर बसले होते, पोटाला पट्टा बांधलेला. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. काकू आतून धावत आली.

"आगं माय, तू? आन् असं न सांगता? कावून आलीस गं?"

विमानात बसल्या बसल्या मी उत्तर ठरवलं होतं – दात दाखवायला. सरळ, खरं. पण त्या वळवलेल्या मानेकडं बघून तोंडातून निघालं, "तात्यांचं ऑपरेशन झालं. तिकडं जीव लागंना."

तात्यांनी मान फिरवली नाही. नुसता चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. परत काढला. मग म्हणाले, "तिला पानी दे की. लांबून आलीय पोर."

आता सांगा – त्या क्षणी मी कशी म्हणणार होते की थांबा, खरं तर दाढ?

दुसऱ्या दिवसापासून खरी पंचाईत सुरू झाली. तात्या हळूहळू चालत दुकानात गेले आणि येईल त्या गिऱ्हाईकाला सांगू लागले. लेक अमेरिकेतून आली, बापाच्या ऑपरेशनाला. 'बापाच्या' म्हणाले, 'चुलत्याच्या' नाही. संध्याकाळपर्यंत निम्मा बाजार मला बघून गेला. बायका माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायच्या आणि नेमक्या दुखऱ्या गालावर दाबायच्या. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यांना वाटायचं, किती माया पोरीला.

दातांचं तर करायचंच होतं. मी घरी सांगितलं, आधार कार्डावर पत्ता बदलायचाय, तहसीलला जाऊन येते. आणि तहसीलच्या रस्त्यानं जाऊन मधेच डॉक्टर शबानांच्या दवाखान्यात शिरायचे. तरुण, हसऱ्या, हाताला हलक्या. मी त्यांना कुणाला सांगू नका म्हणाले तेव्हा त्यांनी मास्कच्या आतून विचारलं, "दीदी, लोक इथं व्यसनं लपवतात, लग्नं लपवतात. दाढ लपवणाऱ्या तुम्हीच पहिल्या. तुमच्या तिकडं दात काय गुन्हा हाय का?" तोंडात नळी होती, मी नुसती मान डोलावली.

पाच-सहा खेपा झाल्यावर तात्या म्हणाले, "ह्ये आधारवाले पोरीला लईच फिरवायलेत." आणि पट्ट्यासकट उठून तहसीलला गेले. तिथल्या ऑपरेटरला विचारलं, माझी लेक रोज येते, तिचं काम का करत नाही? तो बिचारा म्हणाला, काका, अशी कुणी बाई आलीच न्हाई. तात्या परत आले आणि काकूला म्हणाले, "खोटारडं हाय ते. त्वांडावर खोटं बोलायलंय." मी आत भाजी निवडत होते. मेथीची पानं टाकली आणि देठं ठेवली, काकूनं दाखवलं तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात तात्यांनी मला परळीला वैजनाथाच्या दर्शनाला नेलं. लेक आली म्हणून अभिषेक करायचा होता. सकाळीच एका दाढेचं काम झालेलं, अर्धं तोंड बधिर. गुरुजी म्हणाले, ताई, मनातली इच्छा सांगून नाव घ्या. माझ्या तोंडून फक्त "व्वफाली" असं काहीतरी निघालं, आणि ओठाच्या कडेनं थोडं तीर्थही. तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको बाई. मी बरा हाय आता." गाभाऱ्यात उभी राहून मला एकाच वेळी इतकं हसू आणि इतकी लाज कधी आली नव्हती. हसले असते तरी अर्धंच हसता आलं असतं.

इथपर्यंत हे सगळं गमतीत जिरलं असतं. एक म्हातारा माणूस सुखावला, भांडण मिटलं, कुणाचं काय बिघडलं? मी स्वतःला हेच सांगत होते. पण रविवारी संजय मला भेटायला पुण्याहून आला.

जेवायला बसलो. तात्या भाकरी मोडता मोडता त्याच्याकडं न बघता म्हणाले, "बघ. समिंदराच्या पल्याडून आली ती. वरीसभर बोललो न्हाई तरी आली. आन् तू आठ दिवसांत कावून पळालास."

काकू म्हणाली, "आवं, त्याची रजा संपलती. पोरानं रात्रंदिवस–"

"पुनं काय लांब हाय का? यायचं असलं की मान्सं येत्यात."

ज्यानं आठ दिवस त्यांना हाताला धरून उठवलं-बसवलं, पगार कापून घेतला, तो पोरगा खाली मान घालून आमटीत भाकरी कुस्करत होता. आणि मी समोर बसले होते. एकच वाक्य होतं – तात्या, मी दातांसाठी आले. चार शब्द. मला बोलता येत होतं, त्या दिवशी तोंड बधिर नव्हतं.

मी म्हणाले, "काकू, आमटी वाढ गं थोडी."

हाच तो गुन्हा. बाकीचं सगळं मी तुम्हाला इथपर्यंत यायला सांगितलं.

संध्याकाळी संजयला गाडीवर सोडायला गेले. मला वाटलं, तो चिडला असेल – चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ताई, तू आलीस ते लई बरं झालं. माझंच काहीतरी कमी पडलं आसंल." मी म्हणाले, असं नसतं रे. आणि त्याच्या पिशवीत काकूनं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचं झाकण घट्ट आहे का ते बघत राहिले.

मी परत निघायच्या आदल्या दिवशी तात्या ग्रुपवर परत आले. दुकानात बसून, एका बोटानं, अर्धा तास लागला असेल त्यांना. लिहिलं होतं – "वैशालीचं राजकारण मला पटत न्हाई. पन पोरगी खरं बोलती." खाली भावकीतल्या सगळ्यांचे अंगठे. पहिला संजयचा. दहा मिनिटांनी मीही हात जोडल्याचं चित्र टाकलं.

त्यानंतर तात्यांनी माझ्या सांगण्यावरून आरोग्य विमा काढला. "तू म्हनतीस तर आसंल चांगला," एवढंच म्हणाले. हप्ता संजय भरतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तो केजला येतो, न चुकता, तात्यांना तपासणीला नेतो, औषधांचे डबे भरून ठेवतो. पूर्वीही यायचा, पण आता येताना त्याच्या चेहऱ्यावर उशीर झाल्यासारखं काहीतरी असतं. काकू सांगते. ते कुठून आलं, ते ती जाणत नाही. मी जाणते.

आमचं राजकारणावरून अजून भांडण होतं, तेही मजेत. गेल्या महिन्यात व्हिडिओवर तात्यांनी माझ्या आवडत्या पक्षाची यथेच्छ टिंगल केली, मी त्यांच्या उमेदवाराची केली, आणि दोघंही खूप हसलो. मग त्यांना आठवलं. आठवतंच त्यांना. म्हणाले, "काही म्हन, त्या टायमाला तू आलीस. संज्या हायेच की, न्हाई म्हनत न्हाई मी. पन तू आलीस."

तात्यांचा हात आता थरथरतो, फोन धरवत नाही. त्यांचा चेहरा पडद्यावर अगदी स्थिर दिसत होता, कारण फोन संजयनं धरला होता. तो दिसत नव्हता, पण कडेला त्याचा अंगठा दिसत होता.

मी म्हणाले, "होय, तात्या."