महाजन सरांनी मोजलेले तास

महाजन सर गेल्याचा निरोप इंदूरला आमच्या विभागाच्या फोनवर आला. पाचव्या दिवशी बऱ्हाणपूरला त्यांच्या कॉलेजात शोकसभा होती, तिला मी गेलो. तिथे तिघांनी त्यांना अजातशत्रू म्हटलं. सरांच्या कानावर हे गेलं असतं तर ते उठून बाहेर गेले असते. बोलणाऱ्या तिघांपैकी दोघांशी ते दहा वर्षं एक शब्द बोलले नव्हते आणि तिसऱ्याला ते तोंडावर 'गाईडछाप' म्हणायचे. मग दिल्लीच्या एका मोठ्या अर्थतज्ज्ञांचं पत्र वाचून दाखवण्यात आलं. आपल्या गाजलेल्या अहवालाला महाजन यांचं 'मोलाचं स्थानिक सहकार्य' लाभलं होतं, असं त्यात होतं. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! त्यानंतर मी बोललो. सर दीपस्तंभ होते, असं म्हणालो आणि खाली बसलो... त्या सभेतलं सगळ्यांत खोटं भाषण माझं होतं. इतरांना निदान काही ठाऊक नव्हतं.

सरांचं नाव बऱ्हाणपूरबाहेर कुणी ऐकलेलं नसेल. एका साध्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. मी फोपनारचा, केळीवाल्याचा मुलगा, घरातला कॉलेजात गेलेला पहिला. पहिल्या वर्षी मला इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचायला एक संध्याकाळ लागायची. सरांनी मला वर्षभर रोज सकाळी घरी बोलावून शेजारी बसवलं आणि वाचायला शिकवलं. शिकवताना गोड बोलले असं एकदाही झालं नाही. "नेपानगरची मिल तुझ्यासाठी कागद काढते का रे?" असं म्हणून माझा निबंध परत फेकायचे. पण दुसऱ्या दिवशी तोच निबंध पुन्हा मागायचे. मी आज जो काही आहे तो त्या सकाळींमुळे आहे.

ते मला गावाच्या नावाने हाक मारत. देशांची उत्पादकता कशी मोजतात, हा धडा त्यांनी माझ्यावरच शिकवला.

"बोल फोपनार, तुमच्या शेतात केळीचे घड वाढले ना?"

"वाढले सर."

"जमीन वाढली?"

"नाही सर."

"मोटार नवी घेतली?"

"जुनीच आहे."

"मजूर?"

"तेवढेच."

"मग काय, तुझा बाप एकदम शास्त्रज्ञ झाला?"

वर्ग हसला. मी डोकं खाजवून म्हणालो, "सर, आई जाते आता शेतात. आधी आजीचं करायला घरी असायची."

"मग मजूर तेवढेच कसे?"

"आई काय मजूर आहे का सर?"

सरांनी खडू टेबलावर टाकला. "घ्या! हा पोरगा दिल्लीत शोभेल."

मग त्यांनी समजावून सांगितलं. एखाद्या देशाचं उत्पादन वाढलं की त्यातली किती वाढ जास्त माणसांमुळे झाली आणि किती जास्त यंत्रांमुळे, ते आधी बाजूला काढतात. एवढं करूनही जी वाढ उरते तिला तंत्रज्ञान, कार्यक्षमता, शिस्त अशी भारी नावं देतात, आणि त्या उरलेल्यावरून कोणता देश हुशार आणि कोणता मठ्ठ ते ठरवतात. सर म्हणाले, "यांना जे मोजता आलं नाही त्याला हे प्रगती म्हणतात. आपलं अज्ञान मोजून त्याचे देशवार नंबर लावतात." मी वहीत लिहून घेतलं. परीक्षेत लिहिलं नाही, कारण गाईडमध्ये तसं नव्हतं.

मी एम. ए. झालो त्या सुमाराला देश जगाच्या बाजाराला जोडला जायला लागला होता. रोज पेपरात तेच. शोकसभेत ज्यांचं पत्र वाचलं त्या दिल्लीच्या साहेबांनी पाच-सहा देशांच्या कापड धंद्याची तुलना करायला घेतली आणि त्यात बऱ्हाणपूरचे पॉवरलूमही घेतले. गावात माहिती गोळा करायला कुणीतरी हवं होतं. सरांनी माझं नाव दिलं. मी कारखान्याकारखान्यांत जाऊन फॉर्म भरले: माग किती, कामगार किती, कापड किती मीटर. साहेब स्वतः एकदा आले. दीड दिवस राहिले, किल्ला बघितला, मावा जिलबीची तारीफ केली आणि एका कारखान्यात पाच मिनिटं उभे राहून आवाज फार आहे म्हणून बाहेर आले.

आकडे मात्र त्यांना फार आवडले. दोन वर्षांत माग तेवढेच, कापड तेवढंच आणि कामगार मात्र कमी झालेले. म्हणजे दर माणसामागे कापड वाढलं. साहेब खूष. बाजार खुला होताच छोट्या गावातला कारखानदारही कसा शहाणा झाला, यावर त्यांनी एक आख्खं प्रकरण योजलं.

मी ते सरांना अभिमानाने सांगायला गेलो. त्यांनी चप्पल घातली आणि म्हणाले, "चल." कारखान्यामागच्या गल्लीत रशीदाबी नावाच्या बाईच्या घरी घेऊन गेले. बाई अंगणात चरख्यावर कांड्या भरत होती. मागावरच्या धोट्यात आडव्या सुताची जी छोटी नळी बसते, ती कांडी. आधी या कांड्या भरायला कारखान्यातच बाया असायच्या. मालकांनी त्यांना कमी केलं आणि सूत घराघरात वाटलं. आता रशीदाबी, तिची सासू आणि दोन्ही मुली दिवसभर कांड्या भरत, आणि कारखान्याच्या यादीत त्यांच्यापैकी कुणीच नव्हतं.

"साहेबांची प्रगती बघून घे," सर म्हणाले. "कामगार दरवाजातून बाहेर गेला आणि उत्पादकता आत आली."

पुढचे दोन महिने सरांनी त्या गल्लीतल्या प्रत्येक घरातले तास लिहून घेतले. दर गुरुवारी कॉलेज सुटलं की जायचे. त्यातून त्यांनी एका पानाचा तक्ता तयार केला. हे तास धरले तर वाढ जवळजवळ उरतच नव्हती. तक्ता माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "हे पान अहवालात गेलंच पाहिजे. बाकी त्यांना काय दिवे लावायचे ते लावू दे."

मी पान घेऊन दिल्लीला गेलो. साहेबांनी चष्मा वर करून ते वाचलं. रागावले नाहीत. म्हणाले, "हे घरकाम आहे. दुसऱ्या देशांच्या माहितीत हा रकानाच नाही. एका देशाला लावला तर तुलना बिघडेल." त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि तेच घाणेरडं होतं. सगळीकडे बाया मोजायच्या राहिल्यात, म्हणून इथेही मोजायच्या नाहीत! मी एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण त्याच बैठकीत साहेब म्हणाले होते की इंदूरला एक जागा निघते आहे, शिफारस लिहून देईन. मग त्यांनी पान माझ्याकडे सरकवून विचारलं, "तुम्हीच सांगा. ठेवायचं की काढायचं?" मी म्हणालो, "काढा सर." त्यांनाही मी सर म्हणालो.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मी मावा जिलबी घेऊन सरांकडे गेलो. तोवर अहवाल त्यांच्याकडे पोहोचला होता, आणि पान माझ्याच सांगण्यावरून काढल्याचं साहेबांचं पत्रही. त्यांनी पुडा हातात घेतला नाही. "ठेव तिथं," म्हणाले. "फोपनार, त्यांनी ते पान फाडलं असतं तर मी त्यांना शिव्या दिल्या असत्या. तू काढलंस म्हणून माझ्याकडे शिवी नाही." काकू आतून पाणी घेऊन आल्या. सर वाचत बसले. ते शेवटचं भेटणं. मी तीन दिवाळ्यांना पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी आजही तोच अहवाल शिकवतो. अभ्यासक्रमात आहे.

शोकसभेनंतर काकूंना भेटायला गेलो. त्या एवढंच म्हणाल्या, "हे शेवटपर्यंत गुरुवारी त्या गल्लीत जायचे. कोण छापणार ते, मी म्हणायची, तरी जायचे. तिकडे बहुतेक कळलं नसेल. जाऊन सांगून येतोस का?"

रशीदाबी अंगणातच होती. मी सांगितलं. तिचा चरखा थांबला. पदराने डोळे पुसत तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"आप वही हैं ना? दिल्लीवाला पन्ना जिसने निकाला?"

मी हो म्हणालो. चार वर्षांत हे पहिल्यांदाच कुणासमोर कबूल केलं.

"सर ने बताया था. हमने पूछा था, किताब छपी क्या, उसमें हम हैं क्या. बोले, नहीं हो, मेरे ही लड़के ने निकाल दिया." तिने नवी कांडी चरख्याला लावली. "मेरा लड़का बोले थे. मुझे तब भी समझ में नहीं आया, गाली थी कि क्या थी."

त्या दिवशी गुरुवार होता. तिने कोपऱ्यातल्या स्टुलाकडे हात केला. "जुमेरात है. लिखना है तो बैठिए, नहीं तो जाइए, मेरा काम पड़ा है."

मी बसलो. खिशात शोकसभेची छापील पत्रिका होती, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिचं नाव लिहिलं आणि विचारलं, सकाळी काम कधी सुरू केलं?

"चाय के बाद."

मी 'चहानंतर' असं लिहायला लागलो. तिचा हात पुन्हा थांबला.

"ऐसे नहीं," ती चिडून म्हणाली. "पूछिए, चाय कितने बजे पी. फिर पूछिए, चाय बनाई किसने. सर ऐसे पूछते थे."