विहिरीपासूनचे अंतर

भूगोलाच्या तासाला मी मुलींना सांगत असे की, अंतर चुकले तर बाकी सारे बरोबर असूनही नकाशा खोटा ठरतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, नागपुरातल्या आमच्या घरी, हाच धडा मला माझ्या आईने दिला.

शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी एका मासिकात ऑस्ट्रेलियातील आदिवासींची चित्रे दाखवली होती. सारी भूमी वरून पाहिलेली आणि ठिपक्यांनी भरलेली. एकात एक वर्तुळे म्हणजे पाणवठा. बसलेला माणूस म्हणजे घोड्याच्या नालेसारखी खूण, कारण माणूस उठून गेल्यावर वाळूत तेवढीच उरते. त्यांच्या गोष्टी त्यांच्याच. त्यांना हात लावण्याचा मला अधिकार नव्हता. मी रीत तेवढी घेतली आणि गोष्ट आमची निवडली: पारशिवनीकडच्या आमच्या गावातली विहीर. आम्ही बौद्ध होण्यापूर्वी आईला त्या विहिरीवर चढू देत नसत. कोणी वरून घागरीत पाणी ओतेपर्यंत ती बसून राही.

जरीपटक्याच्या बाजारातून मांजरपाट आणून चौकटीवर ताणला, त्याला सरस आणि खडूच्या भुकटीचा हात दिला. गेरू, पिवळी माती, चुना, काजळी असे चार रंग. ठिपक्यांसाठी आगपेटीच्या काड्या, प्रत्येक रंगाला वेगळी.

मोठ्या भावाने दारातूनच विचारले, “रांगोळी काढाची तर अंगणात काढ ना वं. कापड काहून खराब करून राहिली?”

“ही विहीर आहे, दादा. आणि ही माय. समोरच्या खोलीत लावणार आहे.”

त्याचे हसू मावळले. रविवारी त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. “पाहुण्याइले हे दाखवशील? पोरीचं लगन आहे, तुही शाळा नाही!”

आवाज ऐकून आई आली. “यात मी कोणती?”

मी विहिरीजवळची खूण दाखवली.

“इतक्या जवळ कोणं बसवलं मले?” ती म्हणाली. “इतक्या जवळ बसू देत असते, तर सांगाले गोष्टच काय राहिली असती?”

तिने खुणेवर बोट ठेवले आणि सरकवू लागली. बोट कापडाच्या कडेला पोचले, कड ओलांडून पुढे भिंतीवर गेले, आणि तेथे थांबले.

मी खूण खरवडली. कापड उतरवून त्याला हातभर नवा तुकडा शिवला, चौकट वाढवली आणि आईला तिच्या जागी बसवले. शिवण लपवली नाही. शनिवारी चित्र समोरच्या खोलीत टांगले.

रविवारी सकाळी ते कपाटामागे सापडले. भावाने शांतपणे सांगितले, “पाहुणे गेले का लाव.”

आईने नवे लुगडे नेसले होते. ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसली.

“माय, चाल ना बाहेर. ते लोक येऊन राहिले,” भाऊ दारातून म्हणाला.

“चित्र आत, त मीबी आत,” आई म्हणाली. “तिथं लोकाइनं लांब बसवलं होतं. इथं तू बसव लांब.”

भाऊ कपाटाकडे गेला. त्याने स्वतःच चित्र मागून बाहेर ओढले आणि खिळ्याला अडकवले. घाईत ते तिरपे लागले. आई बाहेर येऊन बरोबर त्याखाली बसली.

पाहुण्या बाईंनी विचारले, “हे काय आहे जी?”

मी तोंड उघडले, पण आईने हाताने मला गप्प केले. “बसा,” ती त्यांना म्हणाली, “सांगतो.”