डाव्या हाताची गाठ

शाळेत सगळे त्यांना समुद्रबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यात कौतुक किती नि टिंगल किती, याची चौकशी बाईंनी कधी केली नाही. बंदरालगतची शाळा, चौथीचा वर्ग, खिडकीतून येणारा मासळीचा वास आणि डिझेलचा धूर. बाकीच्या वर्गांत गणिताच्या तासाला गणित आणि भाषेच्या तासाला भाषा चालायची. बाईंच्या वर्गात सगळ्या तासांना समुद्रच. किनाऱ्यावरचा कचरा पोत्यात भरून आणायचा, तागडीत तोलायचा आणि त्याचे आलेख काढायचे, हे गणित. त्याच कचऱ्यात अडकलेल्या खेकड्याच्या नावानं पत्र लिहायचं, ही भाषा. परातीतल्या पाण्यात इंजिनाचं तेल ओतायचं, त्यात कबुतराचं पीस बुडवायचं आणि साबण, मीठ, राख, जे हाताला येईल त्यानं ते धुवायचं, हे विज्ञान. पीस काही पहिल्यासारखं व्हायचं नाही. पोरं रडकुंडीला यायची, आणि बाईंना नेमकं तेच हवं असायचं.

आता सगळेच प्रयोग काही जमत नाहीत. एका वर्षी बाईंनी रिकाम्या बाटल्यांचा देवमासा करायला घेतला. जो गट जास्त बाटल्या आणेल त्याचं नाव फळ्यावर लिहायचं ठरलं. आठवड्यात देवमासा शेपटीसकट उभा. मग कळलं, की घरोघरच्या आयांनी दुकानातून नव्या बाटल्या आणून, पाणी मोरीत ओतून त्या पोरांच्या हातात दिल्या होत्या. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. "समुद्र वाचवता वाचवता दुकानदाराची दिवाळी केलीत की," असं म्हणाले. बाई थोरल्या बहिणीसोबत राहायच्या. ती तर पुढे वर्षभर पाण्याचा पेला हातात देताना "बाटलीतलं नाही हं" असं सुनवायची. बाईही हसायच्या. त्या चुकीत कुणाचं काही वाईट झालं नव्हतं, म्हणून हसता यायचं.

त्यानंतर दोन वर्षांनी वर्गात ती मुलगी आली. पोरांनी तिचं नाव दुर्बीण ठेवलं होतं. दिसायला एवढीशी, वेण्या कायम सुटलेल्या, पण नजर म्हणजे नजर. फळ्यावर बाईंचा एखादा काना राहिला की हिचा हात वर. नवीन चप्पल घालून आलात, बाई. आज मुख्याध्यापक रागावलेत, त्यांनी पेन उलट्या खिशाला लावलंय. सुरुवातीला बाईंना तिचा वैताग यायचा, मग तिच्यावाचून करमेना. वीस-बावीस वर्षं शिकवल्यावर असं एखादंच पोर वाट्याला येतं. खरं सांगायचं तर बाईंचा तिच्यावर जीव जडला होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. लपवायला हवा होता.

त्या वर्षीचा प्रकल्प होता, 'कचरा कुठून आला'. किनाऱ्यावर सापडलेल्या प्रत्येक वस्तूचं वजन करायचं, चित्र काढायचं, आणि ती कुठून आली असेल ते कारणासकट वहीत लिहायचं. बाईंचा दंडक एकच: जे दिसलं ते लिहा, आणि विचारलं तर पूर्ण वाक्यात उत्तर द्या. कुणी लिहिलं, बाटली जहाजावरून आली. कुणी लिहिलं, चप्पल परदेशातून आली, कारण ती मोठी आहे. कचऱ्यात सर्वांत जास्त निघाले ते फाटक्या जाळ्यांचे तुकडे, चौदा किलो. दुर्बिणीनं त्यांतला एक तुकडा घेतला, त्यातल्या गाठीचं मोठं थोरलं चित्र काढलं आणि खाली लिहिलं: 'ही गाठ डाव्या बाजूनं वळली आहे. उजव्या हाताचा माणूस अशी गाठ मारत नाही. बंदरावर डाव्या हातानं जाळं विणणारे फक्त माझे बाबा आहेत. म्हणून हे जाळं माझ्या बाबांनी विणलं आहे.'

बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि वही छातीशी धरली. घरी बहिणीला वाचून दाखवलं. बहीण म्हणाली, "पोरगी हुशार आहे गं. पण हे बापाला चालेल का?"

"त्यात न चालण्यासारखं काय आहे?" बाई म्हणाल्या. "त्यानं थोडंच समुद्रात टाकलंय? तो बिचारा विणून देतो. फेकणारे होडीवाले."

बाईंचं चुकलं ते इथंच. त्यांना सगळं कळलं होतं आणि काहीच कळलं नव्हतं.

शाळेचं प्रदर्शन भरलं, पाहुणे म्हणून बंदराचे अधिकारी आले. माणूस भला होता, उगाच कशाला नावं ठेवा. एकेका टेबलापाशी थांबून तो मुलांचं ऐकून घेत होता. मुलीचे बाबाही आले होते, इस्त्रीचा सदरा घालून, दाराशी भिंतीला टेकून उभे. मुलीला कुठं ठेवू नि कुठं नको असं बाईंना झालं होतं. त्यांनी ती वही उचलली आणि सगळ्यांसमोर ते पान मोठ्यानं वाचलं. शेवटच्या वाक्याला लोक हसले, टाळ्या पडल्या. अधिकारी वाकून मुलीला म्हणाले, "शाबास. आणि तुझे बाबा कुणाकुणाची जाळी विणतात गं?"

तिनं एकदा बाईंकडे पाहिलं. बाईंनी हसून मान हलवली, सांग की. मग तिनं बोटांवर मोजत पूर्ण वाक्यांत उत्तर दिलं. अकरा होड्यांची नावं, मालकांसकट, एकही न चुकता. अकराव्या नावापर्यंत दाराशी कुणीच उरलं नव्हतं. बाबा केव्हा निघून गेले ते बाईंनी पाहिलंही नाही.

पुढच्या आठवड्यात अकरा होड्यांना नोटिसा गेल्या. फाटकी जाळी पाण्यात टाकायला बंदी होतीच, पण आजवर कुणाकडे पुरावा नव्हता. होडीवाले अधिकाऱ्यांशी भांडले नाहीत, शाळेतही आले नाहीत. त्यांनी फक्त आपापली जाळी उचलली आणि पलीकडच्या धक्क्यावरच्या माणसाकडे नेऊन टाकली. ज्याची पोरगी चहाडी करते त्याच्या हातात आपलं जाळं कोण देणार? महिन्याभरात मुलीच्या बाबांच्या ओसरीवर विणायला एक जाळं राहिलं नाही.

बाई तिथं गेल्या तेव्हा बाबा रिकामी सुई हातात फिरवत बसले होते. मुलगी आत होती, बाहेर आली नाही.

"मला बोला तरी काहीतरी," बाई म्हणाल्या. "मी वाचायला नको होतं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"काय बोलू, बाई?" ते म्हणाले. "पोरगी खोटं बोलली नाही. तुम्ही शिकवलंत तसंच बोलली." मग सुई खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही विचारलं असतंत ना, तर मी एकेकाला जाऊन सांगितलं असतं. बाबांनो, फाटकं जाळं माझ्याकडे आणून टाका, पाण्यात नको. माझं ऐकलं असतं त्यांनी. तीस वर्षांचे संबंध होते."

एवढं साधं होतं ते. बाईंच्या सगळ्या आलेखांत, पत्रांत, तेलात बुडवलेल्या पिसांत हे कुठंच नव्हतं, की जाऊन माणसाशी बोलावं. त्या घरी आल्या आणि बहिणीसमोर ढसाढसा रडल्या. बहीण 'मी सांगत होते' असं म्हणाली नाही, आणि त्याचंच बाईंना जास्त लागलं.

सहामाही परीक्षेआधीच ते कुटुंब मेव्हण्याच्या गावी निघून गेलं, समुद्रापासून आठ तास आत. बाबांना तिथं पोती शिवायचं काम मिळालं. इकडे बंदरावर मात्र जाळी पाण्यात पडेनाशी झाली. पुढच्या वर्षी मुलांनी तोललं तर चौदा किलोचे तीन किलो झालेले. मुख्याध्यापकांनी तो आलेख चौकटीत बसवून कचेरीत लावला, वरून बाईंना प्रशस्तिपत्र आलं. लोक अभिनंदन करायचे आणि बाई "हो, हो" म्हणून पुढं सटकायच्या. समुद्राचं भलं झालं, हे खोटं नव्हतं. म्हणून तर त्यांना धड रडताही येईना आणि मिरवताही येईना.

वर्षभर मनाशी घोकून शेवटी त्या बसनं त्या गावी गेल्या. वाटेत काय बोलायचं ते दहादा ठरवलं. शाळा सुटायची वेळ होती. तिथल्या बाई म्हणाल्या, मुलगी गुणी आहे, काही त्रास नाही, फक्त बोलत नाही फारशी. मुलगी बाहेर आली. उंच झाली होती, वेण्या घट्ट बांधलेल्या. बाईंना पाहून तिनं वाकून नमस्कार केला, मोठ्या माणसासारखा.

दोघी शाळेमागच्या ओढ्याच्या कडेला बसल्या. काठाला रंगाचा कारखाना होता आणि ओढ्याचं पाणी जांभळं वाहत होतं, वर बोटभर फेस. बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अगं, हे पाणी बघितलंस का? हा रंग कुठून येतोय?"

मुलीनं पाण्याकडे पाहिलं नाही. दप्तराचा पट्टा सरळ करत राहिली.

बाईंनी जीभ चावली. मग ठरवून आणलेली सगळी वाक्यं विसरून त्या म्हणाल्या, "माझं चुकलं गं. तुला पुढं केलं आणि मी मागं उभी राहून हसत होते. माझ्यामुळं झालं हे सगळं."

"नाही, बाई," मुलगी समजूत काढावी तशी म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही. मीच फार बघायची. आता नाही बघत."