आफ्रिकेचं कपाट

बायजीनं आयुष्यात एकदाच कुणाला शब्द दिला, आणि तो मोडायला तिचाच भाचा निघाला. परका असता तर चार शिव्या हासडून मोकळी झाली असती. आपल्याच माणसाला काय करायचं?

डहाणूला दक्षाबेनच्या घरी ती धुणीभांडी करायची. दक्षाबेननं उमेदीची वर्षं केनियातल्या शाळेत शिकवण्यात घालवलेली. परत येताना लोक सोनंनाणं आणतात, या बाईनं पुस्तकं आणली, सगळी आफ्रिकेची. तिथले राजे, तिथले ढोल, गोऱ्यांनी बळकावलेल्या जमिनी. दुपारी काम आटोपलं की ती बायजीला एकेक चित्र समजावून सांगायची. अखेरच्या आजारात म्हणाली, "मुंबईच्या लायब्रऱ्यांत असली पुस्तकं ढीगभर आहेत. ही तुझ्या पाड्यावरच्या पोरांना दाखव." बायजी म्हणाली, दाखवीन.

म्हणून तिनं ती पाड्याजवळच्या तलासरीच्या एका वाचनालयाला दिली. तिथं तुषार ग्रंथपाल. आई गेल्यावर बायजीनंच वाढवलेला, तळहाताच्या फोडासारखा जपलेला. त्यानं काचेचं कपाट दिलं, वर झकास पाटी लावली. रविवारी पोरं यायची, बायकाही यायच्या. एका पुस्तकात तिकडच्या बाया पाड्यावरच्या बायांसारख्याच घराच्या भिंती रंगवत होत्या. ते पान बघून शेजारची भिकी हटूनच बसली, की ही तर माझी उधवा गावची नणंद, हिला तिकडं नेली कुणी? बायजी हसून हसून बेजार व्हायची.

२०१७ च्या पावसाळ्यानंतर तुषार म्हणाला, भिंतींना रंग द्यायचाय, पुस्तकं तूच बांध, दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही. बायजी फुशारली. वाळवी लागू नये म्हणून तिनं मध्ये मध्ये निरगुडीचा पाला घातला, जुन्या लुगड्यांत गठ्ठे बांधले. वेडी गं वेडी!

रंग लागला, पण कपाट काही परत आलं नाही. तिथं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेची टेबलं लागली. उद्घाटनाला तुषारनं तिला व्यासपीठावर बसवलं, शाल पांघरवली, नारळ दिला, आणि माईकवरून सांगितलं की पोरांच्या भविष्यासाठी आत्यांनी राजीखुशीनं जागा मोकळी केली, पुस्तकं स्वतःच्या हातानं बांधून दिली. टाळ्या पडल्या. बायजी शाल धरून बसून राहिली.

खाली उतरल्यावर तिनं त्याला बाजूला घेतलं. "माझे गठ्ठे कुठायत?"

"वापीच्या रद्दीवाल्यानं नेले, आते. पुस्तकं तुझ्या नावानं आलेली, वाचनालयाच्या कमिटीला तुझा होकार हवा होता. तू नाही म्हटली असतीस."

"म्हणून विचारलंच नाहीस."

ज्याला घास भरवून मोठा केला, त्यानं आज चारचौघांत तिच्याच तोंडी खोटं घातलं होतं.

तेवढ्यात भिकी आली. पुस्तकं खरंच तूच दिलीस का, असं तिनं सरळ विचारलं. नाही म्हटलं तर तुषारची नोकरी जाणार, हे बायजीला दिसत होतं.

"हो," ती म्हणाली, "मीच दिली."

भिकी त्यानंतर तिच्या ओट्यावर बसायला आली नाही. दिवाळीला तुषार पाया पडायला वाकला, तेव्हा बायजीनं पाय आखडून घेतले.