वरून ओतलेलं पाणी

अण्णांच्या पुढ्यात कुणी पाण्याचा ग्लास ठेवला, की ते लगेच त्याला हात लावत नसत. आधी उजव्या हाताची बोटं पायजम्याला पुसून कोरडी करायचे. मग शर्टाच्या खिशातून एक बुटकी डबी काढायचे, तिच्यातली कागदाची बारीक पट्टी ग्लासात बुडवायचे आणि ती उजेडाकडे धरून म्हणायचे, "थांबा जरा. गाडी स्टँडात उभी हाय." तेवढा वेळ घरातलं कुणी बोलत नसे. पट्टीच्या टोकावरचा चौकोन पांढरा राहिला, तर "रैट!" म्हणून ते ग्लास एका दमात रिकामा करत. गुलाबी झाला, तर तो डबीवर छापलेल्या रंगांशी जुळवून बघत आणि घरातल्या बाईला हळू आवाजात सांगत, "अक्का, ह्या गाडीत तान्ही लेकरं बसवू नका." आणि मग तोही ग्लास पिऊन टाकत. दिलेलं पाणी त्यांनी कधी परत केलं नाही.

अण्णा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. भालकी-उदगीर बसवर कंडक्टर म्हणून त्यांचा जन्म गेला. गाव त्यांना कंडक्टर म्हणायचं, आमची बौद्ध वस्ती अण्णा म्हणायची. गाडीत ते कन्नडवाल्याशी कन्नड बोलत, दखनीवाल्याशी दखनी. शिवी मात्र मराठीतच देत. "ती मायच्या भाषेतच नीट पोचतीय," असं त्यांचं म्हणणं. माझे वडील लवकर गेले. मला वाचनाचा नाद लागला तो अण्णांनी सीटवरून उचलून आणलेल्या मासिकांमुळे. प्रवासी मागची पानं फाडून त्यांत भजी बांधून नेत, उरलेलं माझ्या वाट्याला येई. कितीतरी गोष्टींचा शेवट मला आजही ठाऊक नाही. पुढे मी भालकीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाले, तेव्हापासून ते मला "ए लायब्ररी" अशी हाक मारू लागले.

तिकीट फाडण्याआधी अंगठा जिभेला लावायची त्यांची सवय नोकरी संपल्यावरही सुटली नव्हती. दाराची कडी काढताना, भाकरी मोडतानासुद्धा अंगठा आधी तोंडाकडे जायचा. पट्टीला ओलं बोट चालत नाही. डबीत ओल शिरली की सगळ्या पट्ट्या वाया जातात. पहिली डबी त्यांनी अशीच नासवली. पाण्यात बुडवायच्या आधीच पट्ट्या गुलाबी व्हायला लागल्या. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, चुलीपुढून म्हणाली, "पाण्याची न्हाई, सोताच्या थुंकीचीच तपासणी करायलेत!"

अण्णांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मग निकाल काय आलाय?"

"नासकी हाय म्हणून आलाय. मला लग्नापास्नं ठाऊक हाय."

या पट्ट्या धाडल्या होत्या उज्ज्वलाने, त्यांच्या एकुलत्या लेकीने. ती हैदराबादला नर्स आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायचं ठरलं तेव्हा तिने फोनवर सांगितलं, "अण्णा, आधी आपल्या बोअरचं पाणी तपासा. पाण्यात नायट्रेट असलं तर तान्ह्या बाळाला बाधतंय. उकळूनबी जात न्हाई ते, उलट वाढतंय. पट्टी पांढरी राहिली तरच मी येते." दुसरी डबी आली. त्यातली पहिली पट्टी त्यांनी बोअरच्या पाण्यात बुडवली तेव्हा सगळी वस्ती भोवती उभी होती. चौकोन पांढरा राहिला. "रैट! ये म्हणावं!" अण्णा ओरडले. उज्ज्वला आली, तिला मुलगी झाली, आणि ती मुलगी पहिले महिने आमच्याच बोअरचं पाणी प्यायली.

आमचं पाणी चांगलं निघावं यात तसं नवल नव्हतं. गावाने आमच्या लोकांना बसवलं तो उघडा माळ. तिथे ऊस नाही, खत नाही, गोठे नाहीत. गाव खाली, काळ्या रानात. गावच्या विहिरीच्या वरच्या अंगाला उसाचे फड आणि उकिरडे. रानात जे टाकलं जाई ते झिरपत झिरपत विहिरीत उतरे. हे अण्णांना सगळ्यांआधी समजलं, पण मान्य करायला त्यांनाच सगळ्यांत जास्त वेळ लागला. लहानपणी ते आपल्या आईबरोबर, माझ्या आजीबरोबर, त्या विहिरीवर जात. आमच्या लोकांना पायऱ्या उतरायची मुभा नव्हती. आजी घागर खाली ठेवून उभी राही आणि एखाद्या बाईच्या मनात आलं तर ती वरून पाणी ओते. अर्धं घागरीत पडे, अर्धं आजीच्या पायांवर. पुढे दिवस बदलले. आम्हाला बोअर मिळाला, विहिरीला मोटार आणि नळ लागले, उघडपणे कुणी कुणाला अडवेना. तरी आजी मरेपर्यंत सांगायची, की त्या विहिरीसारखं गोड पाणी दुसरीकडे नाही.

अण्णांनी विहिरीच्या पाण्यात पट्टी घातली आणि बघता बघता ती गडद गुलाबी झाली. बराच वेळ ते ती हातात धरून बसले.

"ए लायब्ररी," ते म्हणाले, "ह्याच्यासाठी माय दुपारभर उभी राहायची बघ."

दुसऱ्या दिवशी ते व्यंकटरावांकडे गेले. मीही सोबत होते. व्यंकटराव गावातले मोठे बागायतदार. शाळेत अण्णांच्याच वर्गातले. पंचायत त्यांच्या शब्दावर चाले. ओसरीवर स्टीलच्या ग्लासात पाणी आलं. अण्णांनी बोटं पुसली आणि पट्टी बुडवली.

"कंडक्टर, आमच्या पाण्यालाबी तिकीट लागतंय व्हय?" व्यंकटराव हसले.

आतून त्यांची म्हातारी आई म्हणाली, "पाण्यात कागद कामून बुडवायलाय त्यो? बाटवलं की समदं."

"बाटलंय आधीच, माय," अण्णा म्हणाले. "मी निस्तं सांगायलोय."

त्यांनी गुलाबी पट्टी व्यंकटरावांच्या हातात दिली, तान्ह्या लेकरांना काय होतं ते समजावलं, आणि ग्लास उचलून पाणी पिऊन टाकलं.

"वाईट हाय म्हणतुस, अन् पितुस कामून?"

"पाणी वाईट हाय. ग्लास चांगला हाय. ह्याच ओसरीखाली माझ्या बापाला ओंजळीत मिळायचं."

व्यंकटरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं. त्यांच्या सुनेचं मूल तेव्हा पाळण्यात होतं. कुरकुर आम्हाला ऐकू येत होती. पट्टी बोटांत फिरवत त्यांनी विचारलं, "मग चांगलं पाणी हाय तरी कुठं, कंडक्टर?"

अण्णा ताठ बसले. "आमच्या वस्तीत."

हे दोन शब्द उच्चारतानाचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. ज्या गावाने आमच्या घागरींना आपल्या पाण्याला शिवू दिलं नाही, त्या गावाला आता आमचं पाणी हवं होतं. एवढा उजळलेला चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही, आणि आता आठवला की मला तो पाहवत नाही.

गावातल्या बाया घागरी घेऊन माळ चढू लागल्या. अण्णा बोअरजवळ उभे राहत आणि जुन्या आवाजात पुकारत, "मागं सरका अक्का, मागं लई जागा हाय!" बाया हसत. अण्णा खाली वाकून रबरी नळी प्रत्येकीच्या घागरीच्या तोंडात धरत. एकदा मोठीआई त्यांच्याजवळ जाऊन पुटपुटली, "जरा वरून ओता की. बघू द्या त्यास्नीबी कसं वाटतंय."

"न्हाई," अण्णा म्हणाले. "वरून ओतलं की सांडतंय."

उन्हाळ्याच्या आत पंचायतीने ठराव केला. आमच्या बोअरवर मोठी मोटार बसली, मोटारीच्या खोलीला कुलूप लागलं, किल्ली पंचायतीत गेली. टाकी खाली गावात, चावडीजवळ बांधली. म्हणजे आमच्या माळावरचं पाणी आधी गावात उतरे, गावाचं भागलं की उरलेलं पुन्हा माळावर चढे. चढेपर्यंत त्याच्यात जोर उरत नसे. पहिल्या पाण्याच्या दिवशी चावडीपुढे सभा झाली. गावाला शुद्ध पाणी दाखवून दिल्याबद्दल अण्णांना फेटा बांधला, शाल पांघरली, हातात नारळ दिला. अण्णा फेट्यासकट उठले आणि म्हणाले, "सत्कार झाला. पर वस्तीला पाणी चढंना. आम्ही काय प्यायचं?"

व्यंकटरावांनी माईक हातात घेतला. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं, हे मला आज जास्त बोचतं. ते मोकळ्या मनाने म्हणाले, "गावाला आता विहिरीची गरज न्हाई. तिचा नळ वस्तीवर सोडू. आजपासून विहीर तुमचीच समजा!"

टाळ्या झाल्या. आमच्यातल्याही काही जणांनी वाजवल्या. आजी असती, तर तिनेही वाजवल्या असत्या असं मला वाटतं.

त्यानंतर अण्णा भालकीला आणि बीदरला हिंडत राहिले. कचेरीतला साहेब कन्नडमध्ये "बरतद, अण्णा, बरतद", म्हणजे येतंय, येतंय, असं म्हणत खुर्चीवरून उठून जाई. एकदा मी बरोबर होते. अण्णांनी साहेबाच्या टेबलावर दोन पट्ट्या ठेवल्या, एक बोअरची पांढरी, एक विहिरीची गुलाबी. साहेब म्हणाला, असल्या कागदाच्या पट्ट्या आम्ही मानत नाही.

"गावाला पाणी पायजे हुतं तवा हीच पट्टी चालली की," अण्णा म्हणाले.

साहेबाने पट्ट्या टेबलावरून झटकल्या. बाहेर येऊन अण्णा जिन्यावर थांबले. त्यांचा अंगठा सवयीने जिभेकडे गेला आणि तिथेच राहिला. फाडायला हातात काही नव्हतं.

वस्तीतले लोक तोंडावर बोलत. "कुणी इचारलं हुतं, अण्णा? आपल्या घरचं चांगलं असंल ते झाकून ठेवावं, का चावडीवर नेऊन दाखवावं?" अण्णा त्यांना उत्तर देत नसत. मोठीआईला मात्र एकदा दिलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "त्या दिशी तोंड उघडलं नसतं, तर काय बिघडलं असतं?"

"त्यांच्या सुनेचं लेकरू तेच पीत राहिलं असतं," अण्णा म्हणाले. त्या दिवशी तिने त्यांना जेवायला वाढलं नाही, त्यांनी आपल्या हाताने घेतलं.

मग उज्ज्वलाचे दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले. तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. अण्णा फोन कानापासून लांब धरत, त्यामुळे तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू येई.

"अण्णा, पट्टी लावली का?"

"लावली."

"मग? येऊ का मी?"

अण्णांनी मोठीआईकडे पाहिलं. तिने डिंकाचे लाडू करून ठेवले होते, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांची चवड लावली होती. ती जोरजोराने मान हलवून 'हो म्हणा' असं खुणावत होती.

"तिकडंच राहा, बाय," अण्णा म्हणाले. "हिथली गाडी भरली."

फोन ठेवून त्यांनी खिशातली डबी काढली आणि फळीवर डब्यांच्या मागे सरकवली. त्या दिवसापासून कुणाच्या घरी समोर ग्लास आला, की ते तो नुसता उचलून पीत. बोटं पुसत नसत, उजेडाकडे बघत नसत. "रैट" हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. गावातली माणसं रस्त्यात भेटली की हाक मारत, "कंडक्टर, पाणी लई गोड हाय बरं का!" अण्णा हात वर करून पुढे जात.

या उन्हाळ्यात ते गेले. सकाळी छातीत कळ आली आणि बीदरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. उज्ज्वला दोन्ही लेकरांना घेऊन आली. धाकटा मुलगा आजोबांच्या घरी पहिल्यांदाच येत होता. त्याच्या गळ्यात हैदराबादहून भरून आणलेली पाण्याची बाटली होती. अंगणात माणसं मावत नव्हती. वस्तीच्या नळाला पाणी नव्हतं, आणि विहिरीचं पाणी उज्ज्वला लेकरांच्या जवळपास येऊ देत नव्हती.

दुपारी व्यंकटराव आले. मागे ट्रॅक्टर, ट्रॉलीत पाण्याचे जार. त्यांनी अण्णांच्या पायांवर फुलं वाहिली, डोळे पुसले. ते रडणं खोटं नव्हतं. "कंडक्टरमुळं माझा नातू चांगलं पाणी प्यायला," ते मोठीआईला म्हणाले. "वहिनी, आल्यागेल्याला पाणी कमी पडू देऊ नका. गावच्या टाकीतून ट्रॉली भरून आणलीय."

चारचौघांनी हात जोडले. बरं झालं, सोय केली, असं कुणीतरी म्हणालं.

मी आत गेले आणि फळीवरची डबी काढली. बोटं पदराला पुसून पुसून कोरडी केली. एका जारातलं पाणी ग्लासात घेतलं, पट्टी बुडवली आणि दारातल्या उन्हाकडे धरली. चौकोन पांढराच राहिला.

व्यंकटराव बघत होते. "चांगलं हाय न्हवं?"

"चांगलं आहे," मी म्हणाले. "आमचंच आहे."

त्यांना ते ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. ते ट्रॉलीकडे वळून आपल्या गड्याला म्हणाले, "दे रे सगळ्यास्नी." गडी ट्रॉलीवर उभा राहून जार तिरका करू लागला. खाली उज्ज्वला घरातली घागर धरून उभी होती. अर्धं पाणी घागरीत पडत होतं, अर्धं तिच्या पायांवर.