खाली जाऊ नकोस

धम्मदीनावर मी पहिल्यांदा ओरडलो तो हॉकीवरून नव्हे, मराठीवरून. "सर, माझी स्टिक टूटली," असं म्हणाली. मी म्हटलं, "टूटली नाही, तुटली. पुन्हा म्हण." तेरा वर्षांची पोर, निमूटपणे पुन्हा म्हणाली. आमचं शहर हिंदी मुलखातलं, पण छत्रीबागेतल्या आमच्या घरी हेच चालायचं. बोलण्यात हिंदी शब्द घुसला की माझे वडील, अप्पासाहेब, अख्खं वाक्य पुन्हा म्हणायला लावायचे. संस्थानी फौजेतलं घराणं आमचं. फौज गेली, ऐट राहिली. मी प्रतापराव, शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालो आणि आता मुलींना हॉकी शिकवतो. बाजारात दिवसभर "क्या भिया, कैसे दिए" करत हिंडतो, पण मराठी पोरगी समोर आली की माझ्या अंगात अप्पासाहेब येतात.

धम्मदीना राजेंद्र नगरची. आजोबा महूला फौजेत होते, आई मीराबाई दवाखान्यात नर्स. मुलगी अंगाने किरकोळ, बोलणं कमी. मॅचआधी हात मागे बांधून मैदानाला एक फेरी मारायची, प्लॉट बघायला आलेल्या माणसासारखी. बाकीच्या हसायच्या. मीही हसायचो.

तीन वर्षांनी माझी टीम अशी काही जमून आली की काय सांगू! गोलकीपरपासून शेवटच्या पोरीपर्यंत सगळ्या एकीपेक्षा एक. पण अशा टीममध्ये एकेकीला पारखणं महाकठीण. शेजारणीच्या पासवर गोल मारणारी पोरगी खरंच किती पाण्यात आहे, कसं कळणार? मला मात्र वाटायचं, मला कळतं. चाळीस वर्षं मैदानावर काढली होती ना! शिखा आमची गोल मारणारी. धम्मदीनाही फॉरवर्डच, पण बॉल गोलजवळ गेला की ही नेमकी भलतीकडे. कधी कडेला, कधी मागे. वर्षभरात गोल किती? दोन.

एकदा मध्यंतरात मी तिला धरलंच. "गोलसमोर दिसत का नाहीस गं? कुठे गायब होतेस?"

"सर, मी खाली जाते. म्हणजे..."

"म्हणजे-बिणजे नको मला! फॉरवर्ड आहेस ना? मग खाली कशाला जातेस? घाबरतेस?"

आमच्याकडे मैदानावर खाली म्हणजे मागे, आपल्या गोलकडे. धडकेला भिणारी फॉरवर्डच तशी खाली पळते. ती काहीतरी सांगणार होती, मी हात उडवला आणि शिट्टी वाजवली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की ही भित्री आहे.

मग मोठ्या अकादमीची निवड आली. सतरा वर्षांखालची एकच मुलगी घेणार होते. राहणं, शिक्षण, खेळ, सगळं तिकडेच. शिफारस माझी. फॉर्मवर एक रकाना होता, 'पुढील पाच वर्षांत अपेक्षित प्रगती'. निवडीच्या मॅचआधी मी धम्मदीनाला बाजूला घेऊन दम दिला, "आज खाली जायचं नाही. एकदा जरी गेलीस तर बाहेर बसवीन." तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हो सर."

आणि खरंच, पूर्ण मॅच ती पुढेच, गर्दीत उभी राहिली. मी खूश झालो, ऐकलं म्हणून! पण तिला काही सुचेना. बॉल आला की दोन डिफेंडर अंगावर, बॉल गेला. आमची टीमही त्या दिवशी रडतखडत खेळली. शिखाने तेवढा एक गोल मारला. घरी येऊन मी रकान्यात शिखासाठी 'उत्तम' लिहिलं. धम्मदीनासाठी लिहिलं, 'इतरांच्या जिवावर खेळते. पुढे जाणार नाही.' अक्षर माझं सुरेख आहे.

शिखा अकादमीत गेली. धम्मदीनाने महिन्याभरात खेळ सोडला. मी एकदाही विचारलं नाही का सोडला. मला वाटलं, चला, माझा अंदाज बरोबर निघाला.

वर्षभराने शिखा परत आली. तिथे तिला गोलच होईनात. "सर, तिकडे मोकळं मिळतच नाही हो," म्हणून रडली. आपल्याकडे हिला कसं मिळत होतं, ते बघावं म्हणून मी पालकांच्या ग्रुपवर जुने व्हिडिओ मागितले. ढीगभर आले. सगळ्यांत मोबाइल बॉलच्या मागे. एकाच व्हिडिओत बॉल जवळजवळ दिसत नव्हता. तो मीराबाईंनी काढलेला. त्या बाईने सबंध मॅच फक्त आपल्या लेकीवर मोबाइल धरला होता. मी आधी हसलो. दुपारचं जेवण झालं होतं, काम काही नव्हतं, म्हणून बघत बसलो.

ती कडेला पळाली, तिच्यामागे दोन डिफेंडर पळाल्या, आणि बाहेरून ओरडा आला, गोल! पुन्हा मागे सरकली, एकीला ओढून नेलं, त्या जागेत शिखा शिरली, गोल! नऊ मिनिटांत तीनदा. आणि व्हिडिओत मीराबाईंचा आवाज, शेजारच्या बाईला कौतुकाने सांगताना, "बघा, खाली जागा दिसली की लगेच तिकडे जाते. बाकीच्यांना कुठे दिसतं ते?"

खाली जागा. हिंदीतलं खाली! रिकामी जागा! कपाळ माझं! ज्या शब्दाने मी दिवसातून पन्नास वेळा रिक्षा विचारतो, "भिया, खाली है क्या?" तोच शब्द पोरीच्या तोंडून आला तर मला कळला नाही. कारण मराठी पोरीने मराठीच बोललं पाहिजे ना!

संध्याकाळी राजेंद्र नगरला गेलो. हात रिकामे नकोत म्हणून शेव घेतली. शेव घेऊन माफी मागायला निघालेला माणूस किती मूर्ख दिसतो ते मला दुकानातच कळलं होतं. धम्मदीनानेच दार उघडलं. आता सतरा पूर्ण झालेली. सकाळी पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, दुपारी कॉलेज. आईची ड्यूटी होती. मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. फॉर्मवर काय लिहिलं तेसुद्धा, शब्दन् शब्द.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पण सर, तुम्हीच बोलले होते ना, खाली जायचं नाही. मला समझलंच नाही का मना करतायत. म्हटलं, सर बोलतायत तर असेल काहीतरी. मग जिथे भीड होती तिथेच उभी राहिले."

तिला काही येत नव्हतं म्हणून ती उभी राहिली नव्हती, मी उभी केली होती. आणि वर तेच लिहून पाठवलं होतं. मी कसंबसं म्हटलं, "मला वाटलं, तू मागे पळतेस. आमच्या मराठीत खाली म्हणजे..."

तिला एकदम कळलं. आधी हसली, खळखळून. मग हसू थांबलं.

"मी पत्र लिहितो," मी म्हटलं. "अकादमीला. चूक माझी होती म्हणून कळवतो."

"सतरा पार झाले ना सर."

शेवेची पुडी आमच्या मधे टीपॉयवर तशीच होती. जरा वेळाने तिने विचारलं, "सर, खालीला मराठीत काय म्हणतात?"

आयुष्यभर न विचारता सांगत आलो. आज विचारल्यावर सांगवेना. "रिकामं," मी म्हटलं.

मैदानावर मी पुन्हा म्हणायला लावायचो तशीच, सावकाश, एकेक शब्द नीट लावून ती म्हणाली, "सर, मी रिकाम्या जागेत जाते." मग माझ्याकडे बघून विचारलं, "असं बोलले असते, तर पाठवलं असतं मला?"

"हो," मी म्हटलं. "तुलाच पाठवलं असतं."

तिने मान हलवली आणि चहा टाकायला आत गेली.